हीट पंप चालू, तरी बादली कोमटच

नोव्हेंबरचे पहिले पंधरा दिवस गेले की सोलापुरात माझा फोन सकाळी साडेसहालाच वाजायला लागतो. बोलणारी माणसं वेगळी, वाक्य एकच: "मशीन चालू आहे, आवाजही येतोय, पण बादली कोमटच भरते." बहुतेकांनी त्याआधी एक-दोनदा मेकॅनिक बोलावलेला असतो. कुणी गॅस भरून गेलेला असतो, कुणी सेन्सर बदललेला असतो, आणि तापमानाचं सेटिंग पंचावन्नवरून पासष्टवर तर जवळजवळ सगळ्यांनीच नेलेलं असतं. आठ-दहा दिवस बरं चालतं. मग परत कोमट.

मी फ्रिज-एसीच्या कामातून पाणी तापवणाऱ्या हीट पंपांच्या दुरुस्तीत आलो. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, पलीकडे अक्कलकोट रोडपर्यंतच्या गच्च्या चढून-उतरून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. ही तक्रार परत परत येते, कारण दर वेळी यंत्राला हात लावला जातो आणि पाण्याकडे कुणी बघत नाही. यंत्रात येणारं पाणी कसलं आहे, आणि तापलेलं पाणी नळापर्यंत कुठल्या वाटेनं जातं, या दोन प्रश्नांत निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला सापडलं आहे. सेटिंग वाढवल्यानं तर दुखणं वाढतंच. ते कसं, हे खाली सविस्तर सांगतो, कारण एवढं एक समजलं तरी पुष्कळांचा खर्च वाचेल.

आधी हे यंत्र करतं काय ते थोडक्यात. गिझरमध्ये विजेची कांडी तापते आणि पाणी तापवते. हीट पंप तसं करत नाही. तो आत बंदिस्त असलेल्या, फ्रिज-एसीत असतो तशा गॅसच्या मदतीनं गच्चीवरच्या हवेतली उष्णता उचलतो आणि पाण्यात नेऊन टाकतो. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो ना, तेच काम उलट्या बाजूनं. वीज लागते ती फक्त ही उचल-टाक करणारा कंप्रेसर, पंखा आणि पंप चालवायला. हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायचं तर ६,००० किलोकॅलरी, म्हणजे साधारण ७ युनिटं. गिझर ती सातच्या सात मीटरमधून घेतो. चांगल्या स्थितीतला हीट पंप तेच काम दोन-सव्वादोन युनिटांत करतो, उरलेली उष्णता हवेतून येते. हवा जितकी गरम तितकं त्याचं काम हलकं. सोलापूरसारख्या गावाला हे यंत्र फार चांगलं मानवतं आणि नीट लावलं तर ते घराघरांत असावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच "ते मशीन काही खरं नाही" असं म्हणून कुणी काढून टाकलं की मला वाईट वाटतं.

हात लावण्याआधी तीन नोंदी

मेकॅनिकला बोलावण्याआधी घरच्या घरी तीन गोष्टी वहीत लिहून काढा. हत्यार म्हणून एक साधा थर्मामीटर पुरतो.

पहिली नोंद मीटरची. टाकीतलं गरम पाणी वापरून संपवा, घरातलं बाकी सगळं बंद ठेवा, वीज मीटरचा आकडा लिहा आणि हीट पंप एकदा पूर्ण चालू द्या. तो आपोआप थांबला की परत आकडा लिहा. २०० लिटरच्या टाकीला दोन ते तीन युनिटं लागली तर यंत्र ठणठणीत आहे, दोष दुसरीकडे शोधा. चार-साडेचार लागली तर यंत्र दमतंय. सात-आठ लागली तर हीट पंप काही करतच नाही, आतला बॅकअप हीटर सगळं काम ओढतोय. हा हीटर म्हणजे टाकीत बसवलेली गिझरचीच कांडी. यंत्र अडलं की ती गुपचूप चालू होते, पाणी मिळत राहतं, आणि घरच्यांना पत्ता लागतो तो बिल आल्यावर.

दुसरी नोंद रात्रीची. रात्री दहाला टाकीचं तापमान लिहा, हीट पंपाचा स्विच बंद करा, गरम पाण्याचा एकही नळ उघडू नका आणि पहाटे पाचला परत बघा. चांगल्या पफ इन्सुलेशनची, म्हणजे ऊब धरणाऱ्या फोमच्या आवरणाची टाकी रात्रभरात चार-पाच अंश उतरते. दहा-बारा अंश उतरली तर गरम पाणी कुठून तरी निसटतंय किंवा थंड पाणी आत शिरतंय. अशा वेळी कंप्रेसरला दोष देऊन उपयोग नाही.

तिसरी नोंद बादल्यांची. टाकी पूर्ण तापल्यावर सलग बादल्या भरा आणि कितव्या बादलीला पाणी कोमट झालं ते मोजा. २०० लिटरच्या टाकीतलं सगळं पाणी एकसारखं गरम कधीच मिळत नाही. खालून थंड पाणी येत असतं, ते वरच्यात थोडंफार मिसळतंच. तरी वीस लिटरच्या सात बादल्या कडक गरम मिळायला हव्यात. त्यात तेवढंच थंड पाणी मिसळलं की आंघोळीच्या चौदा बादल्या होतात. तिसऱ्या-चौथ्यालाच पाणी उतरलं तर टाकीच्या आत थंड पाणी खाली नेणारी नळी तुटली आहे का ते बघायला सांगा. ती तुटली की येणारं थंड पाणी थेट वरच्या गरम पाण्यात पडतं. आणि घरात पाहुणे आले, माणसं वाढली, तर तो हिशोबही प्रामाणिकपणे करा. पाच माणसांच्या टाकीवर नऊ माणसांची आंघोळ होत असेल तर त्यात बिघाड काहीच नाही.

खरा चोर: क्षार

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

गेल्या हिवाळ्यात विजापूर रोडच्या एका बंगल्यातून फोन आला. काकू एकट्याच होत्या. गच्चीवर जाताना जिन्यातच म्हणाल्या, "दादा, मागच्याच महिन्यात गॅस भरला हो. त्याच्या आधी दिवाळीत पण भरला होता. किती गॅस पितं हे?" मी म्हटलं, "काकू, हे गॅस पीत नाही. आधी बघू." यंत्र वेगळं आणि टाकी वेगळी, मध्ये छोटा पंप पाणी फिरवतो, अशी जोडणी होती. सेटिंग ६५. यंत्र सुरू झालं, दहा मिनिटं चाललं, हाय प्रेशरचा एरर दाखवून थांबलं. थोड्या वेळानं परत सुरू, परत बंद.

मी यंत्रात जाणाऱ्या आणि यंत्रातून येणाऱ्या पाइपवर थर्मामीटर लावला. या जोडणीत दोन्हींत पाच-सहा अंशांचा फरक असतो. इथे चौदा होता. याचा अर्थ गॅस भरपूर होता, उष्णताही तयार होत होती, पण ती घेऊन जायला पाणी पुरेसं फिरत नव्हतं. दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद करून मी पंपाआधीची जाळी उघडली. आतून हातावर पडल्या त्या पांढऱ्या-पिवळट पापड्या, अंड्याच्या टरफलासारख्या, बोटांत धरून दाबल्या तर कडकन मोडणाऱ्या. काकूंनी एक पापडी उचलली, उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर माझ्या चहाच्या पातेल्यात बसतं तेच!"

तेच. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअर किंवा टँकर, आणि हे सगळं एकाच टाकीत एकत्र होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे चुन्यासारख्या विरघळलेल्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या कितीतरी बोअरचं पाणी २०० च्या पुष्कळ वर असतं. इथे एक गैरसमज काढून टाकतो. बाजारात मिळणारं टीडीएस मीटर कठीणपणा मोजत नाही. ते पाण्यातले सगळेच विरघळलेले क्षार एकत्र दाखवतं. कठीणपणा मोजायला थेंब टाकून रंग बदलणारं वेगळं किट मिळतं, ते घ्या. स्वस्त असतं आणि वर्षभर पुरतं.

मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. चुन्याच्या क्षाराचं उलटं आहे. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेला क्षार घट्ट होऊन बाहेर पडतो. बसतो कुठे? जिथे पाणी सगळ्यात जास्त तापतं तिथे, म्हणजे एक्सचेंजरच्या पत्र्यांवर, जिथे गॅस आपली उष्णता पाण्याला देतो नेमक्या त्याच जागी. तांब्यातून उष्णता जितकी सहज वाहते त्याच्या शंभरावा हिस्सासुद्धा या थरातून वाहत नाही. कागदाएवढा थरसुद्धा यंत्राला जड जातो.

आता साखळी बघा. थर बसला, पाणी कोमट यायला लागलं. घरच्यांनी सेटिंग ६५ केलं. एक्सचेंजर आणखी तापला, क्षार आणखी वेगानं बसायला लागला. उष्णता पाण्यात जाईना म्हणून गॅसचा दाब वाढला, कंप्रेसर ट्रिप झाला. बॅकअप हीटर आला, बिल वाढलं. कुणीतरी येऊन गॅस सोडून परत भरला, दाब थोडे दिवस खाली राहिला, आठवडाभर बरं वाटलं. थर मात्र जिथल्या तिथे. म्हणून तक्रार परत. काकूंच्या घरी दोन वेळा हेच झालं होतं.

साफसफाई अशी केली. एक्सचेंजर टाकीपासून वॉल्व्हनं तोडला. वीस लिटरच्या बादलीत एक किलो लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, विरघळवलं. कूलरच्या पंपापेक्षा थोडा जोरकस असा छोटा पंप बादलीत सोडून ते पाणी एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं परत बादलीत असं फिरवत ठेवलं. पाच मिनिटांत परत येणाऱ्या नळीतून सोड्याच्या बाटलीसारखा फेस यायला लागला आणि पाणी गढूळ झालं. तासाभरानं फेस थांबला. फेस थांबला की लोक काम संपलं समजतात. तसं नसतं. कदाचित लिंबूसत्त्वाचा जोर संपला असेल. मूठभर नवं टाकून बघायचं. परत फेस आला तर आत क्षार अजून शिल्लक आहे. काकूंकडे तीन वेळा टाकावं लागलं. फेस येणं कायमचं थांबल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं एकदा आणि साध्या पाण्यानं दोनदा धुतलं, सगळं पाणी बाहेर सोडलं आणि मगच टाकीशी जोडलं. परत मोजलं तेव्हा दोन पाइपांतला फरक साडेपाच अंश होता.

एक हात जोडून विनंती. संडास धुण्याचं अॅसिड यात कधीही घालू नका. क्षार पटकन जातो खरा, पण एक्सचेंजरचे स्टीलचे पत्रे आणि त्यांचे तांब्याचे जोड तेही खातं. बारीक छिद्र पडलं की गॅस पाण्यात आणि पाणी गॅसच्या बाजूला. मग कंप्रेसरसकट सगळं गेलं. अशी दोन यंत्रं मी स्वतःच्या हातानं भंगारात दिली आहेत, आणि दोन्ही तीन वर्षांच्या आतली होती.

तुमच्या यंत्रात गॅसची नळी टाकीलाच बाहेरून गुंडाळलेली असेल, म्हणजे वर यंत्र आणि खाली टाकी अशी एकत्र रचना असेल, तर एक्सचेंजर तुंबण्याचा प्रश्न येत नाही. तिथे क्षार टाकीच्या तळाशी गाळ होऊन साचतो आणि बॅकअप हीटरवर चढतो. दर तीन महिन्यांनी वीज बंद करून तळाच्या नळातून चार-पाच बादल्या पाणी सोडा, ते स्वच्छ येईपर्यंत. पाणी कडक गरम असतं, पायावर घेऊ नका. आणि काच-लेपाच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीच्या बदली स्वतः गंजणारी. ती दोन वर्षांत एकदा काढून बघितलीच पाहिजे, कठीण आणि खारट पाण्यात त्याआधीही.

सेटिंग किती ठेवायचं? रोजचं ५० ते ५५. आंघोळीला चाळीसच्या आसपासचं पाणी लागतं, त्यामुळे ५५ भरपूर झालं. आठवड्यातून एकदा मात्र ते ६० वर नेऊन टाकी पूर्ण तापू द्या. साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात आणि घरात वयस्कर माणसं असतील तर हे टाळू नये. पुष्कळ यंत्रांत यासाठी वेगळी सोय असते, ती चालू आहे का बघा. एरवी ६५ ला माझा सक्त विरोध आहे.

पुन्हा क्षार बसू नये म्हणून सगळ्यात चांगला उपाय म्हणजे हीट पंपाला वेगळी छोटी टाकी द्या आणि तिच्यात फक्त महापालिकेचं पाणी सोडा, बोअरचं नाही. पाचशे लिटरची टाकी एका कुटुंबाला मधले कोरडे दिवस काढायला बऱ्याचदा पुरते. ते जमत नसेल तर येणाऱ्या पाइपवर फॉस्फेटचं कार्ट्रिज बसवा. ते क्षार काढत नाही, पण त्याला चिकटू देत नाही. मात्र पाणी साठच्या वर तापलं की त्याचा परिणाम कमी होतो, म्हणजे इथेही परत ५५ चाच मुद्दा. बोअरवरच अवलंबून असाल तर पाण्याचा कठीणपणा काढणारा सॉफ्टनर. आणि वर्षातून एकदा दसरा-दिवाळीच्या मधे लिंबूसत्त्वाची सफाई. नवीन यंत्र बसवत असाल तर दोन्ही पाइपांवर वॉल्व्ह आणि सफाईसाठी जोडाची तोंडं आताच ठेवून घ्या. नंतर पाइप कापून ती बसवायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

गरम पाण्यात थंड पाणी कुठून येतं

मीटरची नोंद चांगली आली, रात्रीची वाईट आली, तर इकडे बघा. टाकीला येणाऱ्या थंड पाण्याचा वॉल्व्ह बंद करा आणि बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उघडा. पाइपातलं उरलेलं पाणी संपलं की धार थांबायला हवी. दोन-तीन मिनिटांनंतरही धार चालूच राहिली, तर ते पाणी थंड लाइनीतून उलटं येतंय. बहुतेक वेळा चोर असतो एखादा मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ. शॉवरचा किंवा जेट स्प्रेचा मिक्सर उघडा ठेवून फक्त तोंडाशी बंद केलेला असतो, आणि आतून थंड-गरम एकमेकांत जातं.

हे आपल्याकडे जास्त का होतं त्याचं कारण प्रेशर पंप. शॉवर जोरात यावा म्हणून पंप बसवतात, पण तो फक्त थंड लाइनीवर. गरम लाइन गच्चीवरच्या टाकीच्या साध्या दाबावरच राहते. जोर थंडाचा, त्यामुळे मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनीत घुसतं आणि वर टाकीपर्यंत चढतं. जुळे सोलापुरातल्या एका घरात पाच वर्षांत तीन सेन्सर बदलले होते. दोष होता वरच्या मजल्यावरच्या, कुणी वापरत नसलेल्या बाथरूममधल्या एका मिक्सरचा. प्रेशर पंप लावायचा तर दोन्ही लाइनींवर दाब सारखा ठेवा, आणि गरम-थंड दोन्हीकडे नॉन-रिटर्न वॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा वॉल्व्ह, बसवा.

सेफ्टी वॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकतं, त्याला घाबरू नका. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ वर गेलं की ते साधारण सव्वादोन लिटरनं फुगतं, ते कुठेतरी जायलाच हवं. यंत्र बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल तरच वॉल्व्ह बदला. तो बुच लावून बंद करणं जिवावर बेतू शकतं.

उन्हाळ्यातलं ट्रिपिंग

एप्रिल-मेमध्ये तक्रार वेगळी असते: पाणी गरम आहे, पण यंत्र सारखं एरर दाखवतं. सोलापूरचा पारा चाळिसाच्या वर जातो, गच्चीवर त्याहून जास्त. काळ्या टाकीतलं पाणी दुपारी आपसूकच चाळिशीच्या आसपास असतं. पुष्कळ यंत्रं ४३ अंशांच्या हवेपर्यंतच चालायला बनवलेली असतात, आपापल्या यंत्राच्या पाटीवर ते लिहिलेलं असतं. हवाही गरम, पाणीही गरम, त्यामुळे गॅसचा दाब चढतो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी थांबतं. बिघाड झालेला नसतो. उन्हाळ्यात टायमर पहाटे चार ते सहा ठेवा, किंवा मे महिना सरळ बंद ठेवा. थंडीत मात्र टायमर दुपारी अकरा ते चार ठेवा, त्या वेळी हवा उबदार असते आणि वीज कमी लागते. टाकी पहाटेपर्यंत ऊब धरते हे रात्रीच्या नोंदीत तुम्ही बघितलेलंच असेल. गच्चीवर सोलर पॅनल असतील तर दुपारची वेळ दुप्पट फायद्याची.

ज्यांनी जुन्या सोलर वॉटर हीटरच्या टाकीलाच हीट पंप जोडला आहे त्यांना हा त्रास फेब्रुवारीतच सुरू होतो. सोलरनं तापवलेलं सत्तर अंशांचं पाणी हीट पंपात गेलं की तो ट्रिप होणारच. सेन्सर सोलरच्या टाकीत नीट बसवा, म्हणजे पाणी ५५ च्या वर असताना हीट पंप सुरूच होणार नाही. सेन्सर नुसता पाइपला टेपनं चिकटवलेला मी कितीदा पाहिलाय. उन्हानं टेप सुटते आणि तो हवेचं तापमान सांगत बसतो.

फिन्स, बर्फ आणि गॅस

पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी ज्यांची घरं आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा यंत्राच्या मागच्या फिन्स, म्हणजे हवा घेणाऱ्या कॉइलवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, बघाव्यात. कापसाचे बारीक तंतू त्यावर चिकटून गोधडीसारखा थर होतो. हवा आत जात नाही म्हणजे उचलायला उष्णताच नाही. मऊ ब्रश वरून खाली फिरवा, मग साध्या पाण्याची हलकी धार. जोराच्या धारेनं फिन्स वाकतात. यंत्राभोवती हात-दीड हात जागा मोकळी ठेवा. ते थंड हवा बाहेर टाकतं, आणि पत्र्याच्या खोक्यात कोंडलं तर तीच थंड हवा परत ओढतं. पावसाळ्यात ताडपत्रीनं गुंडाळलेली यंत्रंही मी पाहिली आहेत. ती बाहेर राहण्यासाठीच बनवलेली असतात, सावली द्या, गुंडाळू नका. पावसाळ्यात खाली पाणी ठिबकणं नेहमीचं आहे, ते हवेतलं बाष्प.

फिन्सवर बर्फ दिसला तर मात्र थांबा. सोलापूरच्या थंडीत पहाटेसुद्धा हवा एवढी गार नसते की चांगल्या यंत्रावर बर्फाचा थर बसावा. तो बसला तर एक तर हवा अडली आहे, पंखा नीट फिरत नाही, किंवा गॅस कमी झाला आहे. पूर्ण कॉइलवर बर्फ असेल तर आधी हवेकडे बघा. फक्त एका कोपऱ्यात असेल आणि बाकी कॉइल कोरडी-कोमट असेल, तर गॅसचा संशय घ्या.

आणि गॅस कमी झाला असेल तर गळती आहे. ही यंत्रणा बंदिस्त असते, फ्रिजसारखी. दरवर्षी गॅस भरावा लागत नाही. "दरवर्षी थोडा टाकावाच लागतो" असं कुणी सांगितलं तर त्याला नम्रपणे विचारा, गळती कुठे आहे? योग्य काम म्हणजे नायट्रोजनच्या दाबावर गळती शोधणं, ती बंद करणं, व्हॅक्यूम करणं, म्हणजे आतली हवा ओढून काढणं, आणि पाटीवर लिहिलेला गॅस वजन करून भरणं. वजनकाटा न आणता, हाताच्या अंदाजानं भरलेला गॅस हे परत तक्रार येण्याचं दुसरं मोठं कारण आहे.

टायमर आणि व्होल्टेज

वीज गेली-आली की काही यंत्रांचं घड्याळ चुकतं. दुपारचा टायमर मग रात्री चालतो आणि सकाळी पाणी कोमट. वीज जाऊन आली की घड्याळ बघण्याची सवय लावा, बॅटरीवर वेळ धरणारा टायमर बसवला तर प्रश्नच मिटतो. वीज आल्यावर यंत्र तीन-चार मिनिटं थांबूनच सुरू होतं, तेवढा धीर धरा, सारखा स्विच खालीवर करू नका. व्होल्टेज दोनशेच्या खाली जात असेल तर कंप्रेसर नुसता गुरगुरतो. तिथे योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर हवा, आणि अर्थिंगही तपासून घ्या.

मेकॅनिकला बोलावताना तुमच्या तीन नोंदी, सध्याचं सेटिंग, एरर आला असेल तर त्याचा आकडा, आणि त्या आठवड्यात टाकीत नळाचं पाणी होतं की बोअरचं, एवढं सांगा. हे सगळं ऐकूनही कुणी थेट गॅसचा सिलिंडर घेऊन गच्चीवर निघाला, तर त्याला आधी पंपाआधीची जाळी उघडून दाखवायला सांगा. विजापूर रोडच्या काकूंनी आता वही जिन्याच्या दाराशी टांगली आहे. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मी गेलो तेव्हा शेवटची ओळ होती: सेटिंग ५५, मीटर अडीच युनिट, बादल्या सात, आणि खाली पेन्सिलनं, "बुधवारी टँकर आला, जाळी बघायची."